टिचकीमावशींचे मुके पेले

मी या इमारतीत राहायला आले त्या आठवड्यात टिचकीमावशी ओळख करून घ्यायला खाली आल्या होत्या. मी चहा ओतणार तेवढ्यात त्यांनी समोरचा रिकामा कप उचलला, दोन बोटांत सैल धरला आणि नखाने त्याला टिचकी मारली.

"कानाशी तडा आहे," त्या म्हणाल्या. "दिसत नाही, पण आहे. महिनाभर चालेल."

सव्विसाव्या दिवशी त्या कपाचा कान माझ्या हातात राहिला आणि कप खाली गेला. तेव्हापासून मी त्यांना मानत आले, आणि थोडी घाबरतही आले.

खरं नाव काहीतरी चांगलं भारदस्त होतं, पण ते वीजबिलाखेरीज कुठे दिसायचं नाही. सगळा जिना त्यांना टिचकीमावशीच म्हणायचा, कारण त्यांच्या नखातून काही सुटायचं नाही. कुंडी, कलिंगड, बादली, शेजाऱ्यांनी नवीन बसवलेलं दार. दाराला टिचकी मारून त्या म्हणाल्या होत्या, "आतून भुसा आहे." शेजारी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काच धुतली. धुणं कुणालाही जमतं, असं त्यांचं म्हणणं. खरं काम धुतल्यावर. भांडं वाळलं की सैल धरायचं आणि टिचकी मारायची. चांगली काच गाते. केसाएवढा तडा असला की बद्द बोलते. बद्द बोललेलं भांडं डोळ्यांना कितीही चांगलं दिसलं तरी सरळ कचऱ्यात, कारण ते तापायला ठेवलं की एखाद्या मुलाच्या तोंडावर फुटणार. एकतीस वर्षांत एकही फुटलं नाही. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांना एक फुलदाणी दिली. मावशींनी ती भर सभेत कानाशी धरली, टिचकी मारली आणि मगच "आभारी आहे" म्हटलं. ती फुलदाणी आजही त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीत आहे, दात घासायचे ब्रश ठेवायला.

चांगल्या काचेची जागा पुढच्या खोलीतल्या कपाटात. चार फळ्या, सरकती दारं. बंद पडलेल्या हॉटेलांतून, मोडलेल्या संसारांतून, जुन्या बाजारातून एकेक करून आणलेल्या वस्तू. किरमिजी कडेचे दांड्याचे सहा पेले. त्यांच्याहून पातळ असे पाच बिनदांड्याचे, ज्यांच्यावर कुणीतरी हाताने द्राक्षाचे वेल कोरले होते. निळ्या फुलांच्या कपबश्या, चार कप आणि पाच बश्या. हिरवी सुरई. आणि सगळ्यात खाली जाड काचेची, झाकणाची साखरदाणी, बैठी आणि बेढब. ही साखरदाणी त्यांची पहिली खरेदी, पहिल्या पगाराची, म्हणून तिला कपाटात जागा.

प्रत्येक वस्तूची नोंद एका वहीत होती. नोंद म्हणजे किंमत नव्हे, आवाज. 'दांड्याचा पेला, तिसरा: बारीक, लांब, शेवटी थरथर.' 'निळा कप, दुसरा: आखूड, गोड.' साखरदाणीपुढे एकच शब्द होता: 'ठोक.' दर दोन महिन्यांनी एका रविवारी मावशी कपाट रिकामं करत, वही उघडत आणि हजेरी घेत.

या हजेरीला त्यांच्या मदतीला धाकटी असायची.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. दोघी दोन भावांना दिल्या होत्या. दोघे भाऊ दोन वर्षांच्या अंतराने गेले आणि दोघी जावा उरल्या. घर मावशींच्या नावावर. धाकटी नऊ वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन आली ती तिथेच राहिली. तिची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. धाकटीचा आवाज मुळातच लहान, चालणंही हलकं. दिवसभर खिडकीत बसून ती क्रोशाच्या जाळ्या विणायची. टेबलावरच्या, तबकावरच्या, उशीच्या कडेच्या. कपाटातल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाखाली तिने विणलेली गोल जाळी होती. मावशी तिला 'धाकटे' म्हणत, ती त्यांना 'जाऊबाई'. भांडत नसत. भांडायला दोघींना सारखा आवाज लागतो.

गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता मावशींनी माझं दार वाजवलं.

"वर ये. साक्षीदार हवी आहे."

मी कणकेचे हात धुऊन वर गेले. कपाटासमोर सतरंजीवर सगळी काच मांडलेली होती. धाकटी बाजूला बसून फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

"हा ऐक," मावशी म्हणाल्या आणि वेलाच्या नक्षीचा एक पेला धरून टिचकी मारली.

मला तो छान ऐकू आला. लांबवर कुणीतरी सायकलची घंटी हलकेच वाजवावी तसा.

"छान वाजतोय की."

"छान?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात पुन्हा धुवावेत असं मला वाटलं. "तुझ्या घरात सकाळपासून मिक्सर चालतो. तुझ्या कानांना काय विचारायचं. बद्द आहे. फळीवर बोट आपटल्यासारखा."

त्यांनी पुन्हा टिचकी मारली. मला पुन्हा घंटी ऐकू आली. पण जाणतं माणूस ठामपणे बोललं की आपण ऐकलेलंही मागे घेतो. मला वाटलं, असेल. आधी याहून सुरेख वाजत असेल, मला काय माहीत.

"तडा गेला असेल," मी म्हणाले.

"भिंगाखाली पाहिलं, पाण्यात बुडवून पाहिलं, शाई फिरवून पाहिली. तडा नाही. काच शाबूत आहे आणि वाजत नाही. म्हणजे काय?"

"काय?"

"म्हणजे हा माझा पेला नाहीच. कुणीतरी माझा नेला आणि हा ठेवला."

फडक्याची घडी थांबली. मग पुन्हा सुरू झाली. मी ते पाहिलं, आणि मावशींनी मी पाहिलेलं पाहिलं.

पुढच्या हजेरीला तीन पेले बद्द निघाले. त्याच्या पुढच्या वेळी सात. हिवाळा आला तोपर्यंत अकराच्या अकरा. कपबश्यांना मात्र काही झालं नव्हतं, सुरईला नाही, साखरदाणीला तर नाहीच. मावशींनी यातून जो निष्कर्ष काढला त्यात एकही जोड निखळलेला नव्हता. त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून बोटांवर मोजत म्हणाल्या, "बघ. आधी काय गेलं? सगळ्यात पातळ. मग काय गेलं? त्याच्याहून जरा जाड. क्रम आहे. साधा चोर असता तर सुरई नेली असती, डोळ्यांत भरते ती. याला काच कळते. आणि इथे काच कळणारी माणसं तीन. एक मी. दुसरा जुन्या बाजारातला तो म्हातारा दुकानदार. तिसरी कोण?"

मी भांडी आवरायला लागले.

"जिला मी नऊ वर्षं शिकवलं, ती."

आमच्या ह्यांना रात्री जेवताना सांगितलं तर हे म्हणाले, "इतकी वर्षं टिचक्या खाऊन पेले रुसले असतील. मी असतो तर मीही बोलणं टाकलं असतं." मला हसू आलं, पण हे काही उत्तर नव्हतं.

संशयाचं एक असतं, तो बसला की घरातल्या साध्या गोष्टी त्याला येऊन मिळतात. धाकटी बेल न वाजवता घरात येते, असं मावशी सांगू लागल्या. मागे वळून बघावं तर ही उभी. "किल्ली माझ्याकडेच असते ना, मग आत कशी येते? माझी कडी उघडी राहिली की टपून बसते." धाकटी म्हणायची, "दोनदा वाजवली, जाऊबाई. मग दार लोटलं तर उघडंच होतं." "वाजवली असतीस तर मला ऐकू आली नसती?" मग किटली. त्यांच्याकडे शिट्टीची किटली होती, पाणी उकळलं की शिट्टी वाजायची. एके दिवशी धाकटी आंघोळीला गेलेली असताना किटली आटून काळी झाली. मावशींनी ती मला आणून दाखवली. "शिट्टीत बोळा घालते ही. म्हणजे स्वयंपाकघरात कोण आहे, कोण नाही, मला कळू नये." मी शिट्टीत डोकावून पाहिलं. बोळा नव्हता. "काढला असेल नंतर," मावशी म्हणाल्या. मग फोन. धाकटी मुलीशी बोलताना मुद्दाम पुटपुटते, शब्दांची टोकं खाते. "आधी कशी नीट बोलायची. आता अर्धे शब्द गिळते. लपवायचं असल्याशिवाय कोण गिळतं?"

आणि मग ती बादली.

न्हाणीघरातल्या मोरीजवळ, पाटाआड सरकवलेली. मावशींनी मला हाताला धरून नेलं. बादलीत गार झालेला कोरा चहा होता आणि त्यात धाकटीच्या चार पांढऱ्या जाळ्या बुडवून ठेवलेल्या. एक मावशींनी चिमटीत धरून वर काढली. पन्नास वर्षं कुणाच्या तरी पेटीत पडून होती असं वाटावं, इतकी सुंदर पिवळट झाली होती.

"नव्याचं जुनं करायची कला," मावशी हळूच म्हणाल्या. "जाळीचं जमतं तिला काचेचं न जमायला काय झालं."

त्या दिवशी मी पूर्णपणे त्यांच्या बाजूला गेले. तोपर्यंत मनात थोडं तळ्यातमळ्यात होतं. बादली पाहून ते संपलं.

म्हणूनच त्या गुरुवारी मी जे केलं ते केलं. पडद्याच्या कड्या आणायला जुन्या बाजाराकडे गेले होते. म्हाताऱ्याच्या दुकानात धाकटी दिसली. पाठमोरी. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उघडून न बघताच खणात टाकलं आणि तिला एक पाकीट दिलं. मी आत जाऊन "काय हो, इकडे कुठे?" असं विचारायला हवं होतं. रोज जिन्यात विचारते तसं. त्याऐवजी मी शेजारच्या छत्र्यांच्या दुकानात शिरले आणि उघड्या छत्रीमागे उभी राहिले. दुकानदाराने विचारलं, "बाई, घ्यायची आहे का?" मी ती छत्री घेतली.

संध्याकाळी मावशींना सांगितलं. जे पाहिलं तेच सांगितलं, एक शब्द पदरचा घातला नाही. फक्त वर्तमानपत्र आधी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला वर बोलावून घेतलं. धाकटी खिडकीत विणत होती.

"काल कागदात काय होतं?" मावशींनी विचारलं.

"कुठल्या कागदात, जाऊबाई?"

"जुन्या बाजारातल्या."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी तिथे उभी आहे याची नोंद घ्यावी तसं. "माझं काम होतं."

"कसलं? नव्याचं जुनं करायचं?"

तिच्या हातातली सुई थांबली.

"बादली पाहिली मी. जाळ्या जुन्या दिसाव्यात म्हणून चहात बुडवतेस ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

असं सरळ 'हो' येईल असं मावशींनाही वाटलं नव्हतं. "मग पेले कधी बदललेस?"

"पेल्यांना मी हात लावला नाही." मग थोडं थांबून, खाली बघत, "पेल्यांना नाही लावला."

"माझे अकरा पेले या घरातून चालत गेले का?"

"मी नेले नाहीत, जाऊबाई. तुम्हाला शपथ घालू का?"

"शपथ नको. रविवारी मुलीला बोलाव. ट्रंक भरून ठेव."

धाकटीने सुई लोकरीत खोचली, एकदा, दोनदा, नीट बसेपर्यंत. "तिच्याकडे एक खोली आहे. आणि दोन तान्ही. तुम्हाला माहीत आहे."

"माझ्याकडे अकरा पेले होते. तुलाही माहीत होतं."

मी घरी येऊन पडद्याला कड्या लावल्या. सहा उलट्या लागल्या.

शनिवारी सकाळी मावशी टोपली घेऊन माझ्या दारात हजर. टोपलीत तीन पेले, टॉवेलात गुंडाळलेले. "चल. धाकटीची मुलगी यायच्या आत म्हाताऱ्याकडून वदवून घ्यायचं आहे. उद्या मुलीसमोर ही नाही म्हणाली तर माझ्या हातात काय आहे?"

वरून ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता. धाकटी भरत होती.

म्हातारा दुकानदार स्वेटरवर मफलर गुंडाळून काउंटरमागे बसला होता. मावशींना त्याने ओळखलं. वीस-पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी तीन पेले त्याच्यासमोर मांडले.

"हे तुमच्याकडून आलेले. माझे कुठे आहेत ते काढा."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि पेला डोळ्यांपाशी नेला. बूड पाहिलं. मग सैल धरून टिचकी मारली. मागच्या बाजूला चिनी मातीचे ससे बघत असलेल्या एका बाईने आवाजाच्या दिशेने मान वळवली. आवाज बराच वेळ दुकानात राहिला.

"काय झालंय याला?" त्याने विचारलं.

"ऐकलंत ना? बद्द."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आणि मग जे मी उन्हाळ्यातच म्हणायला हवं होतं ते म्हणाले. "मावशी, मला ऐकू येतंय. मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय."

"तू गप्प बस."

"बाई, हा तुमचाच," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पेल्याच्या बुडाला मी काच कापायच्या हिरकणीने तीन रेघा मारतो. ह्या बघा. झिजलेल्या आहेत, तुम्ही पुसून पुसून."

"रेघा काय, नव्यावरही माराल तुम्ही. तुम्ही आणि ती मिळून."

"ती कोण?"

"माझी जाऊ. गुरुवारी आली होती. कागदात गुंडाळून काय दिलं तिने?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्याने खण ओढला आणि चहाच्या रंगाच्या जाळ्यांचा गठ्ठा वर ठेवला. प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली: 'जुनी हातवीण.' ती चिठ्ठी त्याने अंगठ्याने झाकली, पण आम्ही वाचली होती.

"नव्या म्हणून कुणी घेत नाही," तो म्हणाला. "चहाची कल्पना माझी. त्यांना सुरुवातीला पटत नव्हतं. पण काच म्हणाल तर त्यांनी मला एक पेलाही आणून दिलेला नाही. उलट एकदा..." आणि तो गठ्ठा नीट करू लागला.

"उलट काय?"

"काही नाही. बाई, एक करा. त्या स्टुलावर बसा, रस्त्याकडे तोंड करून. मी टिचक्या मारतो. किती झाल्या ते सांगा."

"ही कसली पोरकट परीक्षा?"

"एकतीस वर्षं तुम्ही हेच केलंत ना? मग बसा."

मावशी बसल्या. टोपली मांडीवर, पाठ ताठ. म्हाताऱ्याने पेला धरला. एक. आवाज पूर्ण विरू दिला. दोन. तीन. सशांपाशी उभी असलेली बाई आता उघडउघड बघत होती. चार.

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मावशी म्हणाल्या, "मारा की. कशाची वाट बघताय?"

त्या बाईने ससा जागेवर ठेवला आणि ती हळूच दुकानाबाहेर गेली. म्हाताऱ्याने मग काउंटरवरचं एक जाड काचेचं वाडगं ओढलं आणि त्याला टिचकी मारली.

"एक," मावशी लगेच म्हणाल्या. "हे ऐकू आलं. हे जाड आहे म्हणून..."

आणि त्या थांबल्या. त्यांना समजवायची गरजच नव्हती. सगळ्यात पातळ आधी, मग त्याच्याहून जरा जाड. तो क्रम त्यांनीच मला बोटांवर मोजून दाखवला होता.

त्या उठल्या आणि काउंटरपाशी आल्या. "पुन्हा. पातळ."

म्हाताऱ्याने टिचकी मारली. मावशी त्याच्या नखाकडे बघत होत्या. मग त्यांनी बोट पुढे करून पेल्याच्या कडेवर टेकवलं, आणि आवाज जिथल्या तिथे बंद झाला.

"थरथरत होता," त्या म्हणाल्या. "बोटाला लागला."

घरी येताना त्या माझ्या अर्धं पाऊल पुढे चालत होत्या. औषधांच्या दुकानापाशी थांबल्या.

"म्हणजे बेल वाजवत होती ती."

"हो."

"दोनदा?"

"ती दोनदाच वाजवते. मला खाली ऐकू येते."

"आणि किटलीत बोळा नव्हता."

"नव्हता, मावशी."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "तू का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही माझा मिक्सर काढलात."

"जोर लावून नाही बोललीस." मग कितीतरी वेळाने, जिना चढताना, कठड्याला धरून त्यांनी विचारलं, "कॉलेजातली शेवटची वर्षं... तेव्हा होते ना गं कान माझे?"

"तेव्हा होते."

"कशावरून?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आजवर इतरांवर रोखलेला संशय होता तो, आता स्वतःवर वळलेला. मी म्हणाले, "एकही भांडं फुटलं नाही ना." त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर नाही फुटलं."

दारापाशी पोचल्यावर किल्ली हातात असून त्यांनी बेल दाबली. माझ्याकडे वळून पाहिलं. "वाजली?"

"वाजली."

धाकटीने दार उघडलं. पुढच्या खोलीत ट्रंक बंद करून ठेवलेली होती, तिच्यावर घडी घातलेली शाल. मावशी शालीशेजारी ट्रंकेवरच बसल्या.

"पेले माझेच आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, जाऊबाई."

"तुला माहीत होतं?"

"वाटत होतं. तुम्ही किटलीकडे पाठ करून बसायचात आणि ती बोंबलत असायची."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुमच्या कानांबद्दल तुम्हाला कुणी सांगायचं?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज लहानच होता, पण तिने समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून सांगितलं. "सांगितलं असतं तर म्हणाला असतात, आता माझे कानही चोरलेस."

मला हसू आवरेना, म्हणून मी टोपलीतले पेले काढायला लागले. मावशींनी वही मागितली. तीन पेले सतरंजीवर ठेवले गेले आणि त्यांनी धाकटीला मानेने खूण केली. धाकटीने पहिला पेला सैल धरून टिचकी मारली.

"कसा?"

"बारीक. लांब आहे. शेवटी थरथरला."

मावशींनी वहीत बोट ठेवून पाहिलं. तेच लिहिलेलं होतं. त्यांनी वही मिटली. "वही पाठ असेल तुला."

"नऊ वर्षं धरून बसतेय मी ती. थोडी आहे पाठ."

"मग खरं सांगतेस की वहीतलं सांगतेस, हे मला कसं कळणार?"

"नाही कळणार," धाकटी म्हणाली.

मावशी उठून कपाटाशी गेल्या, खाली वाकल्या आणि जाड साखरदाणी दोन्ही हातांनी बाहेर काढली. टिचकी मारली. ठोक.

"ही मला ऐकू येते. हिच्यासाठी तू नकोस. पहिल्या पगाराची, आणि हीच शेवटी अस्सल राहिली."

धाकटीचे हात तो पेला पुसू लागले, जो पुसलेलाच होता, आणि मला एकदम ते आठवलं: पेल्यांना नाही लावला.

"जाऊबाई," ती म्हणाली, "ती बदललेली आहे."

मावशींना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"साखरदाणी. चार वर्षं झाली. माझ्या हातून झाकण पडलं. तुम्ही डोळ्यांच्या तपासणीला गेला होतात. मी म्हाताऱ्याकडे गेले, त्याने पुढच्या हजेरीच्या आत शोधून तशीच दुसरी आणून दिली. तिच्यासाठीच जाळ्या द्यायला लागले मी त्याला. मग ते चालूच राहिलं."

म्हाताऱ्याचं अर्धं राहिलेलं 'उलट एकदा' आता पूर्ण झालं.

मावशींनी साखरदाणी जाळीवर ठेवली. तिच्याकडे बघितलं. "चार वर्षं मी हिला टिचकी मारतेय."

"हो."

"आणि ठीक आहे म्हणतेय."

"दर हजेरीला. मी दर वेळी डोळे मिटून घ्यायचे."

"तेव्हा तर कान होते माझे," मावशी म्हणाल्या. मला वाटलं आता त्या रडतील किंवा ओरडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "खरी कुठे आहे? फेकलीस?"

"झाकण फुटलं. खालचं आहे. बटणं ठेवलीत त्यात."

"आण."

"ट्रंकेत तळाशी आहे."

"मग काढ."

धाकटीने ट्रंक उघडली. मी मदतीला बसले. साड्या निघाल्या, दोन चादरी, औषधांची पिशवी, मुलीच्या लग्नातला फोटो, जुळ्यांसाठी विणलेली चार टोपडी, लोकरीचे गोळे. सगळं सतरंजीवर, पेल्यांच्या आजूबाजूला पसरलं. तळाशी टॉवेलात गुंडाळलेली ती जाड काच होती, गळ्यापर्यंत बटणांनी भरलेली. धाकटीने बटणं पदरात ओतली आणि रिकामी साखरदाणी मावशींच्या हातात दिली.

मावशींनी एकदा खरी धरली, एकदा दुसरी, आणि एकेक करून टिचकी मारली. मग पुन्हा. मग दोन्ही आळीपाळीने, चांगल्या सात-आठ वेळा. मी कान देऊन ऐकत होते. मलाही फरक कळला नाही.

"सारख्याच वाजतात," त्या शेवटी म्हणाल्या, आणि हे कबूल करताना त्यांनी धाकटीकडे, मग माझ्याकडेही असं पाहिलं, जणू यातही आमचा काहीतरी हात असावा.

मग बटणं पुन्हा खरीत ओतून त्यांनी ती कपाटात ठेवली, दुसरीच्या शेजारी. सतरंजीवरचा पसारा ओलांडून खिडकीतल्या खुर्चीत, धाकटीच्या जागी बसल्या.

"मुलीला फोन लाव," त्या म्हणाल्या. "म्हणावं, उद्या ये. पण ट्रंकेसाठी गाडी नको आणू. आणि पुटपुटू नकोस, इथे समोर उभी राहून बोल. काय बोलतेस ते मला बघू दे."